शंभर नगांच्या स्टेनलेस स्टील रेझरची किंमत कशी ठरवावी?

भोसरीत स्वतःचे छोटे मशीन शॉप चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाहनउद्योगाचे जॉबवर्क सांभाळून त्यांनी दुधारी ब्लेडचा एक सेफ्टी रेझर तयार केला आहे. वरची टोपी, खालची प्लेट आणि दांडा असे त्याचे तीन भाग असून तिन्ही ३१६ एल स्टेनलेस स्टीलच्या बारमधून मशीनवर काढलेले आहेत. दांड्यावर कोरीव नक्षी आहे, प्रत्येक नगावर अनुक्रमांक असेल, सोबत लाकडी पेटी मिळेल आणि असे फक्त १०० नग निघतील. त्यांच्या हिशेबाने एका नगाला ३,२०० रुपये खर्च येतो, आणि मित्रांचा सल्ला आहे की त्याची दुप्पट करून ६,४०० रुपयांना विकावा. दुसरीकडे परदेशातले छोटे निर्माते स्टेनलेस स्टीलच्या रेझरला साधारण १५० ते २५० डॉलर घेतात, हे पाहून त्यांना स्वतःला वाटते की २०,००० रुपयेही मागता येतील. या दोन आकड्यांच्या मध्ये नेमके कुठे थांबायचे, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो: सर्व करांसह १६,५०० रुपये. तुम्ही पाठवलेल्या माहितीवरून हा आकडा निघतो. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर तुमचे खर्च थोडे बदलतील, म्हणून हा आकडा कुठून येतो ते समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. माझ्या मते मर्यादित आवृत्तीची किंमत एका नगाचा खर्च पाहून ठरत नाही, ती संपूर्ण लॉटचा खर्च पाहून ठरवावी लागते. नेहमीच्या उत्पादनात पहिल्या लॉटमध्ये न निघालेला खर्च दुसऱ्या, तिसऱ्या लॉटमध्ये निघतो, पण मर्यादित आवृत्तीला दुसरा लॉटच नसतो. तुम्ही ग्राहकाला शब्द दिलेला असतो की १०१वा नग निघणार नाही, आणि त्याच क्षणी तुम्ही खर्च वसूल करण्याची पुढची वाटही स्वतःच बंद केलेली असते.

आता तुमचे ३,२०० रुपये पाहू. बार आणि कापून जाणारा माल ४५० रुपये, मशीनिंग १०० मिनिटे म्हणून १,००० रुपये, पॉलिश आणि पॅसिव्हेशन (गंजरोध वाढवणारी आम्लाची प्रक्रिया) ७००, लेसरने अनुक्रमांक १५०, पेटी, पाऊच आणि कार्ड ६५०, पॅकिंग आणि कुरिअर २५०. यात मशीनिंगसाठी तुम्ही ताशी ६०० रुपये हा जॉबवर्कचा दर लावला आहे, आणि ते मला फार योग्य वाटले. बरेच छोटे कारखानदार स्वतःच्या मालाला मशीन फुकट असल्यासारखा हिशेब करतात, फक्त वीज आणि ऑपरेटरचा पगार धरतात. परंतु तेच मशीन त्या वेळेत बाहेरचे काम करून पैसे मिळवू शकत होते, त्यामुळे स्वतःच्या रेझरनेही तेवढेच भाडे भरले पाहिजे.

चूक पुढे आहे. हे ३,२०० रुपये एका उत्तम निघालेल्या नगाचे आहेत, आणि १०० उत्तम नग मिळवण्यासाठी १०० नग सुरू करून भागत नाही. पहिल्याच लॉटसाठी मी १२० सेट, म्हणजे तिन्ही भागांचे १२० संच, सुरू करण्याचा हिशेब धरेन. त्यातले १०० विक्रीला जातील, ३ सेट पुढच्या दुरुस्तीसाठी कपाटात राहतील आणि उरलेले १७ रिजेक्ट होतील असे गृहीत धरावे. नवशिक्या माणसाला हे प्रमाण जास्त वाटेल, पण रेझरचे डोके, म्हणजे टोपी आणि प्लेट, प्रत्यक्ष कसे तयार होते हे पाहिले की कारण लक्षात येते.

दुधारी ब्लेडची जाडी ०.१ मिलिमीटर असते. ब्लेडची धार आणि खालच्या प्लेटची सुरक्षा-कड यांच्यातले अंतर, ज्याला सगळे ब्लेड गॅप म्हणतात, ते तुमच्या ड्रॉइंगवर ०.७० मिलिमीटर आहे. मशीनवरून प्लेट उतरते तेव्हा दोन्ही बाजूंना हे अंतर बरोबर असते, कारण तिथे मापावर मशीनचे नियंत्रण असते. नंतर तीच प्लेट बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, जाते. बफिंग करणारा कारागीर चकाकी पाहून काम करतो, फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) लावून नाही. एका बाजूला त्याचा हात थोडा जास्त वेळ टेकला की कडेचे काही शतांश मिलिमीटर निघून जातात, तिचा कोपराही गोल होतो. मग तयार रेझर हातात घेतल्यावर एका बाजूला ०.७० आणि दुसऱ्या बाजूला ०.७६ असे माप मिळते. डोळ्याला दोन्ही बाजू सारख्याच आरशासारख्या दिसतात, पण दाढी करणाऱ्याला पहिल्याच फिरवण्यात कळते की एक बाजू मऊ चालते आणि दुसरी ओढते. ज्याने हजारो रुपये दिले आहेत, तो ग्राहक नेमकी हीच गोष्ट सर्वांत आधी तपासतो.

असा नग दुरुस्त होत नाही, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही, आणि तो रिजेक्ट होतो तेव्हा त्यावर माल, मशीनिंग आणि पॉलिश असा जवळजवळ सगळा खर्च होऊन गेलेला असतो. शिवाय ३१६ एल हे स्टील कापायला चिवट असते. ३०३ या दुसऱ्या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये गंधक असल्यामुळे त्याचा चुरा सुटा निघतो आणि टूल जास्त टिकते, मात्र गंजरोधात ते मागे पडते. ३१६ एल मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते ओलाव्याला आणि क्षारांना उत्तम तोंड देते, पण टूल थोडे जरी बोथट झाले तरी पृष्ठभाग कडक होत जातो आणि पुढचा कट बिघडतो. तुम्ही ३१६ एल निवडलेत हे चांगले केलेत. त्याची किंमत टूलिंगमध्ये आणि रिजेक्शनमध्ये मोजावी लागते, एवढे ध्यानात ठेवा. सुरक्षा-कडेचे अंतिम पॉलिश मोटरच्या बफवर न करता, प्लेट फिक्स्चरमध्ये (भाग घट्ट धरणाऱ्या साच्यात) बसवून हाताने, लाकडी पट्टीवर ताणलेल्या पॉलिश पेपरने करून घ्या आणि प्रत्येक प्लेट आधी व नंतर गेजने मोजा, असे मी आग्रहाने सुचवेन. वेळ जास्त लागेल, मात्र तुमचे ७०० रुपये त्याच वेळेचे आहेत.

म्हणजे माल, मशीनिंग आणि पॉलिश मिळून २,१५० रुपये हा खर्च १२० सेटवर होणार, तो २,५८,००० रुपये. क्रमांक, पेटी आणि कुरिअर मिळून १,०५० रुपये फक्त विकल्या जाणाऱ्या १०० नगांवर होणार, तो १,०५,००० रुपये. लॉटचा थेट खर्च ३,६३,००० रुपये झाला. मशीनचा वेळच १२० सेटना मिळून २०० तास होतो, हेही लक्षात असू द्या, कारण तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या तारखा त्यातून सांभाळायच्या आहेत.

यापुढचा खर्च तुमच्या ३,२०० रुपयांत धरलेलाच नव्हता. पहिल्या नमुन्यांच्या फेऱ्यांवर १,२०,००० रुपये गेले असे तुम्ही लिहिले आहे. फिक्स्चर, सॉफ्ट जॉ (भागाच्या आकाराला कापून घेतलेले पकडीचे जबडे) आणि खास घडवून घेतलेले कटर यांचे ९०,०००, गेजचे ३०,०००, नक्षीच्या प्रोग्रॅमचे आणि चाचण्यांचे ४०,०००, पेटीवाल्याने घातलेल्या किमान ऑर्डरच्या अटीमुळे जास्तीचे २५,०००, आणि छायाचित्रणाचे ४०,०००. याखेरीज डिझाइनवर तुमचे स्वतःचे सुमारे ३०० तास गेले आहेत आणि ते तुम्ही ‘घरचेच काम’ म्हणून सोडून दिले आहेत. ते सोडू नका. ताशी ७०० रुपये हा कुशल डिझायनरसाठी मुळीच जास्त दर नाही, आणि त्या दराने ते २,१०,००० रुपये होतात. सगळे मिळून ५,५५,००० रुपये. थेट खर्चात हे मिळवले की लॉटचा एकूण खर्च ९,१८,००० रुपये आणि एका नगाचा ९,१८० रुपये होतो.

मित्रांनी सुचवलेली ‘दुप्पट’ किंमत ६,४०० रुपये होती. त्यातून कर वजा होण्याआधीच प्रत्येक नगामागे अडीच हजारांहून अधिक तोटा आहे, आणि शंभरही नग विकले गेले तरी तो भरून निघत नाही. खर्चाची दुप्पट किंवा तिप्पट करण्याचा ठोकताळा दुकानदारीत चालतो, कारण दुकानदाराचा मोठा खर्च खरेदीच्या किमतीत असतो. तुमच्यासारख्या निर्मात्याचा मोठा खर्च पहिला नग तयार होण्याआधीच होऊन गेलेला असतो. त्याला कोणत्या आकड्याने गुणायचे हे नगाचा थेट खर्च सांगू शकत नाही.

इथे एक महत्त्वाचा विचार करावा लागतो. या ५,५५,००० रुपयांपैकी कोणता खर्च या आवृत्तीबरोबर संपतो आणि कोणता पुढेही कामाला येतो? नक्षी, पेटी आणि छायाचित्रे मिळून १,०५,००० रुपये याच शंभर नगांपुरते आहेत. डोक्याची भूमिती, नमुने, फिक्स्चर, गेज आणि तुमचा वेळ मिळून ४,५०,००० रुपये मात्र पुढे साध्या दांड्याचा, विनानक्षीचा नियमित रेझर काढलात तर तिथेही उपयोगी पडतील. तो नियमित रेझर नक्की काढणार असाल तर यातला अर्धा भाग, म्हणजे २,२५,००० रुपये, त्याच्याकडे वळवता येईल आणि या आवृत्तीचा नगामागचा खर्च ६,९३० रुपयांवर येईल.

मी मात्र ही सवलत किंमत ठरवताना घेऊ नये असे सांगेन. नियमित रेझर निघेपर्यंत तो कागदावरच असतो, दरम्यान वाहनउद्योगाची मोठी ऑर्डर येते, मशीन तिकडे जाते आणि तो बेत वर्षभर मागे पडतो. किंमत ठरवताना ९,१८० हाच तळ धरावा. पुढे नियमित मॉडेल निघालेच तर ते निम्म्याहून अधिक विकासखर्च आधीच फिटलेल्या अवस्थेत बाजारात येईल, आणि त्याची किंमत मोकळेपणाने कमी ठेवता येईल.

नगांची संख्या आणि किंमत हे दोन वेगळे निर्णय नाहीत, एकच आहे. समजा तुम्ही १०० ऐवजी ६० नग काढायचे ठरवले. मग ७२ सेट सुरू करावे लागतील, थेट खर्च २,१७,८०० रुपये होईल, पण विकासाचे ५,५५,००० रुपये तसेच राहतील, आणि नगामागचा खर्च १२,८८० रुपयांवर जाईल. दुर्मीळपणा वाढल्यामुळे ग्राहक ३,७०० रुपये जास्त देईल का, याचे उत्तर तुमच्या नावाला आज किती ओळख आहे यावर अवलंबून आहे. पहिलीच निर्मिती असताना मला ते अवघड दिसते. उलट ३०० नग काढले तर खर्च खाली येईल, पण तेवढे ग्राहक आज तुमच्याजवळ नाहीत, आणि न विकली गेलेली मर्यादित आवृत्ती ही निर्मात्याच्या नावाला लागलेली सर्वांत वाईट जाहिरात असते. शंभर हा आकडा तुमच्या परिस्थितीला योग्य आहे.

तळ ठरला. आता छत कुठे आहे ते पाहू, आणि त्यासाठी रेझरच्या धंद्याबद्दल रूढ असलेली एक समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. ‘दांडा स्वस्तात द्यावा आणि ब्लेडवर कमवावे’ हे सूत्र किंग कॅम्प जिलेट यांच्या नावावर सांगितले जाते. इतिहास तसा नाही. १९०३ मध्ये त्यांच्या कंपनीने ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले, १९०४ च्या नोव्हेंबरात त्यांना अमेरिकेतले पेटंट मिळाले, आणि पेटंट जिवंत होते तोवर कंपनीने रेझरची ५ डॉलर ही किंमत सांभाळली. त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीतला तो मोठा हिस्सा होता, म्हणजे तो रेझर चैनीचीच वस्तू होता. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर कंपनीने जुन्या पद्धतीचा रेझर १ डॉलरला आणला, आणि सुधारलेला नवा रेझर पुन्हा ५ डॉलरलाच ठेवला.

तुमच्या बाबतीत तर ब्लेडचा प्रश्नच येत नाही. दुधारी ब्लेडचे माप सर्वत्र एकच असल्यामुळे ग्राहक गल्लीतल्या दुकानातून काही रुपयांचे कोणतेही ब्लेड आणून तुमच्या रेझरमध्ये लावेल. त्या ग्राहकाकडून तुम्हाला पुन्हा कधीही एक रुपयाही मिळणार नाही, कारण चांगला स्टीलचा रेझर आयुष्यभर टिकतो. म्हणून जे काही मिळायचे ते विक्रीच्या दिवशीच मिळाले पाहिजे. ‘आत्ता कमी घेऊ, पुढे कमवू’ या विचाराला या वस्तूत जागाच नाही.

ग्राहक नेमके कशाचे पैसे देतो, हेही स्पष्ट असावे. तुमच्या खर्चात स्टीलचे ४५० रुपये आहेत, म्हणजे लॉटच्या नगामागच्या खर्चाचा विसावा हिस्साही नाही. ‘३१६ एल’ एवढे शब्द लिहून किंमत समर्थनीय ठरत नाही, कारण ते आता अनेक जण लिहितात, आणि जाणकार ग्राहक मालाचे टेस्ट सर्टिफिकेटही मागतो. ते बारच्या पुरवठादाराकडून घेऊन जपून ठेवा. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये तयार होणारे, झिंकच्या मिश्रधातूचे डोके ओतून त्यावर क्रोमचा मुलामा दिलेले उत्तम रेझर याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात आणि त्यांनी दाढीही चांगली होते. तुमचा ग्राहक त्यांच्या वर जे पैसे मोजतो ते चार गोष्टींसाठी: मुलामा नसल्यामुळे उडण्याचीही भीती नाही, दोन्ही बाजूंचे अंतर मोजून लिहून दिलेले आहे, हातात घेतल्यावर वजनाचा तोल जाणवतो, आणि तयार करणारा माणूस उद्या फोनवर सापडेल. यातली दुसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक पेटीत त्या नगाच्या दोन्ही बाजूंच्या ब्लेड गॅपची प्रत्यक्ष मोजलेली मापे, हाताने लिहून, तपासणाऱ्याच्या सहीसह द्या. मोठ्या कंपन्यांच्या हजारोंच्या उत्पादनात हे परवडत नाही, पण तुम्हाला त्यासाठी नगामागे काही मिनिटे पुरतात, आणि सोळा हजारांच्या किमतीमागचे कारण ग्राहकाला एका कागदावर दिसते.

मग २०,००० रुपये का नाहीत? परदेशातले जे निर्माते २५० डॉलर किंवा त्याहून जास्त घेतात, त्यांच्यामागे अनेक वर्षांचे काम, टायटॅनियमसारखा कापायला अधिक कठीण माल किंवा प्रतीक्षायादी यांपैकी काहीतरी असते. टायटॅनियमची घनता स्टीलच्या जेमतेम ५५ टक्के असल्यामुळे त्या रेझरचा हातातला अनुभवच वेगळा असतो, आणि त्याच्या टूलिंगचा खर्चही. तुमचा पहिला स्टीलचा रेझर त्यांच्या वरच्या टोकाला लावलात तर ग्राहक तुलना त्यांच्याशीच करेल, आणि त्या तुलनेत अनोळखी नावाला संशयाचा फायदा कोणी देत नाही. त्या पट्ट्याच्या खालच्या भागात उभे राहिलात तर तुमच्या नगाचे गुण त्याला जास्त दिसतात.

१६,५०० रुपयांचा हिशेब असा. रेझर आणि ब्लेड जकातीच्या आणि जीएसटीच्या वर्गीकरणात ८२१२ या शीर्षकाखाली येतात. मी इथे १८ टक्के कर धरून चाललो आहे. विक्री सुरू करण्यापूर्वी त्या दिवशीचा दर तुमच्या सीएकडून पक्का करून घ्या. कर वजा जाता साधारण १३,९८० रुपये हातात येतात. त्यातले ५ टक्के पेमेंट गेटवे, परत येणारी पार्सले आणि दुरुस्ती यांसाठी बाजूला ठेवा. या किमतीला ७० नग विकले गेले की लॉटचा सगळा खर्च निघतो, आणि शंभर विकले गेले तर चार लाखांहून थोडे अधिक उरतात. कर वगळून ११,००० रुपये किंमत ठेवलीत तर खर्च निघायलाच ८८ नग विकावे लागतील. तुमच्याजवळ आज रस दाखवणाऱ्यांची जी यादी आहे, तिच्यातले किती जण खरोखर पैसे भरतील याचा प्रामाणिक अंदाज घ्या आणि तो ७० च्या जवळ जातो का ते पाहा. जात नसेल तर किंमत कमी करून तो जाईल असे समजू नका. ज्याला हा रेझर हवा आहे तो दोन हजारांसाठी थांबत नाही, आणि ज्याला नको आहे तो दोन हजार कमी झाल्याने घेत नाही.

ही किंमत आणखी एका कसोटीतून गेली पाहिजे. तुम्ही आज थेट विकणार असलात तरी उद्या एखादा विक्रेता २० नग मागेल आणि ३० टक्के कमिशन सांगेल. करापूर्वीच्या १३,९८० मधून ३० टक्के गेले की तुम्हाला ९,७८६ रुपये मिळतात, म्हणजे तळाच्या जेमतेम वर. नफा जवळजवळ नाही, पण तोटाही नाही. ज्या किमतीत विक्रेत्याची ऑर्डर घेतल्याबरोबर तोटा होतो, ती किंमत मुळातच कमी असते. तरीही माझा सल्ला असा की या शंभरातले १० ते १५ नगच विक्रेत्याला द्यावेत, आणि त्यानेही तुमच्याच किमतीला विकावे असे लेखी ठरवून घ्यावे.

भारतात विकताना पेटीवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि ती सर्व करांसह असते. २०११ च्या पॅकेज केलेल्या वस्तूंच्या वैधमापन नियमांप्रमाणे निर्मात्याचे नाव, पत्ता, महिना, वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हेही छापायचे असते. काही निर्माते क्रमांक १ किंवा १०० चा नग जास्त किमतीला लिलावात विकण्याचा विचार करतात. छापील किमतीच्या वर विक्री करता येत नाही, म्हणून तो विचार सोडून द्यावा. नगांचे क्रमांक ज्या क्रमाने पैसे भरले जातील त्या क्रमाने द्यावेत, सर्वांना एकाच किमतीला. ग्राहकांना ही पद्धत पटते आणि त्यावर वाद होत नाहीत.

परदेशातल्या ग्राहकासाठी करापूर्वीची किंमत तीच ठेवा. निर्यातीवर जीएसटी शून्य दराने लागतो, त्यासाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) आधी भरून ठेवावे लागते आणि आयात-निर्यात कोडही काढावा लागतो. कुरिअर वेगळे आकारा आणि त्या देशातले शुल्क ग्राहकाने भरायचे आहे हे पैसे घेण्याआधी ठळकपणे सांगा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे एका रेझरच्या पार्सललाही शुल्क लागते. हे दर सरकारे बदलत राहतात. ते किमतीत मिसळून टाकलेत तर दर बदलला की तुमची किंमत चुकते, आणि भारतातल्या ग्राहकाने अमेरिकेतले शुल्क का भरावे हाही प्रश्न उरतोच. परदेशात राहणारी अनेक मराठी माणसे अशा वस्तू हौसेने मागवतात आणि भारतातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पाठवायला सांगतात. ती विक्री भारतातलीच समजा आणि करासह पूर्ण किंमत घ्या.

किंमत जाहीर केल्यावर ती खाली आणू नका, सणासुदीलाही नाही. पितळी लेखण्यांची मर्यादित आवृत्ती काढणाऱ्या एका छोट्या निर्मात्याने शेवटचे काही नग दिवाळीत २५ टक्के सवलतीत काढलेले मी पाहिले आहेत. ते नग गेले, पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत भरणाऱ्यांनी त्याच्या पुढच्या आवृत्तीकडे पाठ फिरवली, कारण थांबले तर स्वस्त मिळते हे त्यांना कळून चुकले होते. तुमच्या पहिल्या ग्राहकांना काही द्यायचे असेल तर पैशांऐवजी वस्तू द्या: एक अतिरिक्त प्लेट, किंवा पुढच्या नियमित मॉडेलसाठी आधीची रांग. २० नग उरले तर ते शांतपणे ठेवून द्या. स्टील खराब होत नाही, आणि तोपर्यंत तुमचा खर्चही निघालेला असेल.

आवृत्ती मर्यादित आहे या शब्दाला कायद्याचेही वजन आहे. १०० सांगून नंतर तसेच आणखी काढणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. म्हणून आत्ताच लिहून ठेवा आणि जाहीर करा की मर्यादित काय आहे: ही नक्षी, हा दांडा, ही पेटी आणि हे क्रमांक. डोक्याची भूमिती मर्यादित नाही, ती पुढच्या मॉडेलमध्ये येईल, हेही त्याच वाक्यात सांगा. नियमित मॉडेल साध्या दांड्याचे असेल आणि ९,००० ते १०,००० रुपयांत देता येईल, कारण त्याच्या विकासाचा मोठा वाटा या शंभरांनी उचललेला असेल. दोन्हींमधला फरक हाताभरावरून दिसला पाहिजे, नाहीतर दोघांपैकी एकाची किंमत चुकीची वाटू लागते.

आगाऊ पैसे घेण्याबद्दल तुम्ही विचारले होते. सगळे नग मोजून, तपासून पेटीत बसल्यावरच पूर्ण पैसे घ्या. त्याआधी घ्यायचेच असतील तर नाव नोंदवण्यापुरती छोटी, परत मिळणारी रक्कम घ्या. पॉलिशच्या टप्प्यावर १७ ऐवजी २५ नग रिजेक्ट झाले तर तुम्हाला नवे सेट लावावे लागतील, आणि त्या वेळी १०० जणांचे पूर्ण पैसे आधीच घेतलेले असले की घाईने अर्धवट नग पुढे ढकलण्याचा मोह होतो. अशा वेळी वेळापत्रक पुढे गेलेले चालते, पण ०.७६ चा नग गेलेला चालत नाही.

कपाटात ठेवलेल्या ३ सेटवर क्रमांक टाकू नका. कोणाच्या दांड्याचा आटा खराब झाला किंवा टोपी फरशीवर पडून पिन वाकली, तर त्याच सेटमधला भाग बदलून द्या, जुना भाग परत मागवा आणि दांडा बदलत असाल तर ग्राहकाचा क्रमांक नव्या दांड्यावर कोरा. हे आयुष्यभर करून देऊ असे कार्डावर लिहायचे असेल तर खुशाल लिहा. त्याचा खर्च तुमच्या ५ टक्क्यांत आणि त्या ३ सेटमध्ये आधीच धरलेला आहे.